खालच्या घाटाचं पाणी

त्या रविवारी सकाळी त्रिशरण नगरातल्या विहाराच्या सभागृहात चेतनाने भिंतीवर नकाशा लावला, तेव्हा तिला कसलीच धाकधूक वाटत नव्हती. ही तिचीच वस्ती होती. समोर सतरंजीवर बसलेल्या बहुतेकांनी तिला दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहिलं होतं. वस्तीतल्या पोट्टीने इंजिनियर होऊन आपल्याच वस्तीत सरकारी योजना आणली, याचं त्यांना कौतुक होतं. पहिल्या रांगेत तिच्या वरिष्ठ विनोदिनी मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या आणि मागे खांबाला टेकून तिचे वडील, तुळशीराम.

चेतना खारून पाणीपुरवठा मंडळात उपअभियंता होती. रायपूरला पाणी मिळतं ते खारून नदीचं. उन्हाळ्यात नदी आटत आली की वरच्या धरणातून कालव्याने पाणी सोडावं लागतं, ते बंधाऱ्यापाशी उचलून गाळायचं, टाक्यांत चढवायचं आणि तिथून घरोघरी पोचवायचं. टाकीजवळच्या घरांना ते भरपूर मिळतं. शेवटच्या टोकाला जाईतो त्याची धार करंगळीएवढी होते. त्रिशरण नगर असं शेवटचं टोक होतं. एप्रिल लागला की तिथे टँकर यायचाच.

चेतनाने लोकांना समजावून सांगितलं की नदीतून आणलेल्या, गाळलेल्या, पिण्याजोग्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी आपण संडासात, झाडांना आणि अंगण धुवायला घालवतो. वस्तीच्या मागे नाल्याकाठी मंडळाचं सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे. तिथे ते पाणी साफ होतं आणि पुन्हा नाल्यातच सोडून दिलं जातं. आता तेच जांभळ्या रंगाच्या वेगळ्या पाइपने घराघरात द्यायचं. पिण्यासाठी नाही, अंघोळीसाठी नाही. फक्त संडास, बाग, बांधकाम. म्हणजे पिण्याचा नळ जास्त वेळ चालेल. तिने काचेच्या बाटलीत ते पाणी आणलं होतं. बाटली हातोहात फिरली. लोकांनी उजेडाकडे धरून पाहिली, कोणी वासही घेतला. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या की हे तर टँकरच्या पाण्यापेक्षा साफ दिसून राहिलं. लोक हसले.

बाटली तुळशीरामांकडे आली. त्यांनी ती पाहिली नाही, तशीच पुढे दिली आणि ते उभे राहिले.

"हे पानी कोनाच्या घरचं आहे?" त्यांनी विचारलं.

चेतना म्हणाली की शहराचंच आहे, त्या नाल्याकडे ज्या भागांच्या गटारी येतात त्यांचं.

"म्हंजे कोनत्या?"

तिने शंकर नगरचं नाव घेतलं, त्याच्या पुढच्या नव्या कॉलन्यांची घेतली.

"आनी त्याइले देऊन राहिले का तुमी हे पानी?"

"सध्या नाही, बाबा. पहिली लाइन आपल्याकडे."

"काहून?"

"प्लांट जवळ आहे. आणि उतार आहे, पंपाशिवाय पानी येते."

"उतार तं असनारच," तुळशीराम म्हणाले. "आमी नेहमी उतारावरच राहिलो. मले नाही पाहिजे हे पानी."

ते चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागून त्यांच्या रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले दोघे जुने सोबती उठले, मग आणखी काही जण. कोणी आरडाओरडा केला नाही. विहार समितीच्या शामरावांनी पुढच्या रविवारी पुन्हा बसू असं सांगून सभा आटोपती घेतली. विनोदिनी मॅडमनी गाडीत बसताना चेतनाला एवढंच विचारलं की वडिलांशी ती आधी बोलली नव्हती का. खरंच बोलली नव्हती. ते विरोध करतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

घरी आल्यावर ती बापाशी बोलेना. कांताबाईंनी, तिच्या आईने, ताटं वाढली. तुळशीराम मुकाट्याने जेवले. शेवटी चेतनालाच राहवलं नाही. ती म्हणाली की त्यांना काही म्हणायचं होतं तर घरात म्हणायचं, चार लोकांत आणि वरिष्ठांसमोर तिला तोंडघशी पाडायची काय गरज होती. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, त्याने अंधश्रद्धाळूसारखं बोलावं याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. तेही तिने बोलून दाखवलं.

तुळशीराम ताटातच हात धुऊन बसून राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते रेल्वेत फिटर म्हणून लागून इकडे आले, त्याआधीची गोष्ट. चेतनाने तिचे तुकडे इकडून तिकडून ऐकले होते, पण बापाच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

भंडाऱ्याकडच्या त्यांच्या खेड्यात नदीवर तीन घाट होते. वरचा घाट गावाच्या पिण्याचा. त्याच्या खालच्या अंगाला कपडे धुवायची आणि गुरं पाण्यावर घालायची जागा. आणि सगळ्यांत खाली, वळणावर, त्यांच्या लोकांची जागा. सकाळी म्हशी पाण्यात उतरल्या की खाली गढूळ येई. मग बाया काठावर बसून पाणी निवळायची वाट पाहत आणि मडक्याच्या तोंडाला लुगड्याचा पदर लावून भरत. एकदा तुळशीरामांचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. त्यांची आई लहानग्या तुळशीरामाचं बोट धरून वरच्या घाटाला गेली आणि तिने मडकं भरलं. कोणी मारलं नाही. कोणी रागावलंसुद्धा नाही. एका म्हाताऱ्याने मडकं तिच्या डोक्यावरून घेतलं, पालथं केलं, रिकामं तिच्या हातात दिलं आणि बोटाने खालची वाट दाखवली.

"पानी तं तेच होतं," तुळशीराम म्हणाले. "खाली आमच्याकडेच येत होतं. पन आधी त्याइच्या म्हशीच्या अंगावरून."

"बाबा, पण हे साफ केलेलं आहे. मी स्वतः रिपोर्ट पाहते."

"मी कुठं म्हनलो खराब आहे? तू आनलं म्हंजे चांगलंच असंन. मी इचारलं, पहिले आमाले काहून. त्याचं सांग."

उतार खरा होता, अंतर खरं होतं. नकाशावर पेन्सिलने ती रेघ तिनेच ओढली होती आणि ओढताना तिला आपण शहाणपणाचं काम करतोय असंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती विनोदिनी मॅडमच्या खोलीत गेली. विनोदिनी मॅडमचं सासर नागपूरकडचं, पण तीन पिढ्यांपासून रायपुरात, आधी ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यात आणि आता शंकर नगरात. खात्यात त्यांचा दबदबा होता. शहरातले गळके पाइप शोधून बदलायची मोहीम त्यांनीच चालवली होती, आणि जमिनीवर लोखंडी सळई टेकवून, तिला कान लावून गळती ऐकायला चेतना त्यांच्याकडूनच शिकली होती. चेतना म्हणाली की शंकर नगरच्या बंगल्यांची हिरवळ जितकं पाणी पिते, तितकं सबंध त्रिशरण नगराच्या संडासांना लागत नाही. मग पहिली लाइन तिकडे का नाही?

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो विचार झाला होता, त्या म्हणाल्या. एक पंप लागला असता, एवढाच फरक होता.

"मग?"

"तिकडे दिलं असतं तर पाइप उतरायच्या आधी वरून फोन आले असते. कोणी कोर्टातही गेलं असतं. वर्षभर काम लटकलं असतं." त्यांनी टेबलावरचा चष्मा थोडा सरकवला. "तुमच्याकडे कोणी काही बोलणार नाही, असं वाटलं होतं."

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग पुन्हा चष्मा लावला. थोड्या वेळाने मॅडमनी विचारलं की तिच्या वडिलांना भेटता येईल का.

त्या बुधवारी संध्याकाळी त्या आल्या. तुळशीरामांनी धुतलेला सदरा घातला होता. कांताबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. मॅडमनी तो लगेच संपवला आणि आणखी मागितला. तेवढ्याने खोलीतला ताण थोडा सैल झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, कारखान्यातल्या वॅगन, मॅडमच्या गुडघ्याचं दुखणं. मग मॅडमनी सरळच सांगितलं की योजना चांगली आहे, पाणी चांगलं आहे, आणि जागा निवडण्यात आमचं चुकलं. आता काय करावं, तेवढं सांगा.

"मॅडम, तुमच्या घरी बगीचा आहे?" तुळशीरामांनी विचारलं.

"आहे."

"मंग पहिले तुमच्या घरी घ्या. पहिले तिथं, मंग इथं. मी सगळ्याइच्या आधी खड्डा खोदाले येईन."

मॅडम हसल्या नाहीत. बघते, म्हणाल्या.

रविवारी विहारात तसंच ठरलं, आधी शंकर नगर, मग त्रिशरण नगर. तिकडे पाइप टाकायला मंजुरी लागणार होती, म्हणून आधी मॅडमनी टँकरने सुरुवात केली. केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी भरून टँकर शंकर नगरच्या त्यांच्या गल्लीत जाऊ लागला. पहिला विरोध त्यांच्या घरातच झाला. सासरे यशवंतराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, रोज पूजा करणारे. गटाराचं पाणी तुळशीला घालणार असाल तर मी तिला हात लावणार नाही, असं त्यांनी सुनेला बजावलं. मॅडमनी वाद घातला नाही. तुळशीला नळाचं पाणी, बाकी सगळ्या बागेला टँकरचं, असं ठरलं. यशवंतराव आठवडाभर बागेत फिरकले नाहीत. मग फिरकू लागले. गुलाबांना काही झालं नव्हतं. पण आपलं मत बदललं असं ते कधीच म्हणाले नाहीत.

गल्लीतल्या लोकांचं तेवढं सोपं गेलं नाही. तक्रारी गेल्या. डास वाढले, मुलांना खाज सुटली, बंगल्यांचे भाव पडतील. मॅडमनी दर वेळी पाणी तपासून त्याचा अहवाल लावला. वरून फोन आले, अपेक्षेप्रमाणे. एका फोननंतर त्यांची बदली होणार अशी बातमी कार्यालयात पसरली. बदली झाली नाही, पण काम रेंगाळलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. पंपाच्या मंजुरीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला.

आणि त्या उन्हाळ्यात त्रिशरण नगरात पाणी पार आटलं.

नळाला सकाळी जेमतेम दोन बादल्या भरत. टँकर एक दिवस येई, एक दिवस येत नसे. जांभळा पाइप आला असता तर निदान संडासाचं आणि झाडांचं भागलं असतं, हे आता सगळ्यांना कळत होतं. लोक तुळशीरामांच्या तोंडावर काही बोलत नसत, पण नळावर बोलत. अंजनाबाईंनी मात्र तोंडावर सांगितलं. त्या विधवा होत्या, गुडघ्यांनी अधू, घरी सून बाळंतीण. टँकरच्या रांगेत आपला गुंड, पाण्याचा मोठा हंडा, टेकवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा मान राहिला. माह्या घरी पानी नाही राहिलं."

तुळशीरामांनी अंजनाबाईंचा गुंड भरून उचलला आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी टँकरचा आवाज आला तेव्हा ते आपल्या भांड्यांच्या आधी अंजनाबाईंची भांडी घेऊन रांगेत उभे राहिले. सगळा उन्हाळा त्यांनी अंजनाबाईंचं पाणी भरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला पट्टा. कांताबाई चिडायच्या, म्हणायच्या की पोरीला सांगा, ती माणूस लावेल. ते ऐकत नसत. त्यांच्या परसातले वांग्यांचे वाफे वाळून गेले. मुनगा, दारातला शेवगा, तेवढा तगला.

एका दुपारी चेतनाने त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि तळव्यांवर गुंडाच्या काठाचे वळ उठले होते. ती शेजारी जाऊन बसली. तिला वाटलं, आता ते म्हणतील की चुकलं माझं, आणा तुमचा पाइप.

"मी बरोबर बोललो का नाही, माहीत नाही," ते म्हणाले. "पन बोललो नसतो तं मेलो असतो."

त्यांच्या हातांना तिने खोबरेल लावून दिलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तिने पंपाचा कागद कुठे अडला आहे ते शोधलं आणि तो हलेपर्यंत ती त्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसली. तिथल्या बाबूने आधी दुर्लक्ष केलं, मग चहा मागवला, मग उठून साहेबांची सही आणून दिली.

पावसाळ्यानंतर काम सुरू झालं. शंकर नगरची लाइन आधी पुरी झाली. मॅडमच्या गल्लीतल्या सगळ्या बागा, एक मोठं उद्यान आणि दोन सरकारी इमारतींचे संडास तिच्यावर जोडले गेले. त्यानंतर महिनाभराने त्रिशरण नगरात खोदकाम झालं. तुळशीराम पहिल्या दिवशी फावडं घेऊन हजर झाले. कंत्राटदाराचा मुकादम घाबरला, "अंकलजी, आप बैठो न, मशीन है," म्हणाला. त्यांनी थोडी माती ओढली आणि मग खरंच बसले. मजुरांना दिवसभर चहा मात्र त्यांच्याच घरून गेला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीला पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येई. शामरावांच्या घरी प्लंबरने जांभळा पाइप चुकून मोरीच्या नळाला जोडला. तो चेतनाच्या तपासणीत सापडला म्हणून बरं, नाहीतर अनर्थ झाला असता. त्यानंतर तिने प्रत्येक घराची जोडणी स्वतः पाहिली. पण पुढच्या उन्हाळ्यात पिण्याचा नळ पहिल्यांदाच सकाळ-संध्याकाळ चालला, आणि टँकर आला तो एका लग्नघरापुरता. अंजनाबाईंनी तुळशीरामांना गुळाच्या पोळ्या पाठवल्या. जुनं बोलणं दोघांपैकी कोणीच काढलं नाही.

मे महिन्यात एकदा तुळशीराम म्हणाले की त्यांना ते केंद्र पाहायचं आहे. सुटीच्या दिवशी चेतना त्यांना घेऊन गेली. फिटर माणूस, हवा सोडणाऱ्या मोठ्या यंत्रांपाशी बराच वेळ उभा राहिला. बेअरिंगचा आवाज ऐकला आणि चांगली निगा राखली आहे म्हणाला. टाक्यांमध्ये काळं पाणी उकळ्या फुटल्यासारखं खदखदत होतं. पुढच्या टाकीत गाळ खाली बसत होता, त्यापुढे वाळूतून पाणी गळत होतं. शेवटी ते दोन वाटांनी जात होतं. एक जांभळ्या पाइपात आणि दुसरी, अजून बरीच मोठी, खाली नाल्याकडे.

"हे कुठं जाते?" त्यांनी विचारलं.

"नाल्यात. नाल्यातून खारूनमध्ये."

"तिथून?"

"पुढे गावं आहेत काठाला."

तुळशीराम कठड्यावर वाकून त्या धारेकडे पाहत राहिले. "त्याइले इचारलं का कोनी?"

चेतना म्हणाली की नियमाप्रमाणे पाणी साफ करूनच सोडतात, रोज तपासणी होते. ते खरं होतं. पण त्या गावांत ती कधी गेली नव्हती, मॅडम गेल्या नव्हत्या, आणि मंडळातलं कोणी गेल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

पुढच्या रविवारी बापलेक स्कूटरवर तिकडे गेले. नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला एक लहान गाव होतं. घाटावर बाया कपडे आपटत होत्या. चेतनाने आपण कुठून आलो ते सांगितलं. त्या आधी बिचकल्या, मग छत्तीसगढीत बोलू लागल्या. केंद्र झाल्यापासून पाण्यावरचा फेस कमी झालाय का, असं तिने विचारलं, तर एक म्हातारी होकारार्थी मान डोलावून "हव, हव" म्हणाली. मासे पुन्हा दिसू लागलेत, तेही तिनेच सांगितलं. पण उन्हाळ्यात नदीत दुसरं पाणीच नसतं, तेव्हा वास येतो, आणि गुरं प्यायला तोंड लावत नाहीत. हे कोणाला सांगायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"आता मले सांगितलं न तुमी," चेतना म्हणाली. बाईला तिची मराठी कळली की नाही कोण जाणे, पण तिने पुन्हा मान डोलावली.

सोमवारी चेतनाने विनोदिनी मॅडमना सगळं सांगितलं. मे महिन्यात केंद्रातलं पाणी नाल्यात होईल तेवढं कमी सोडायचं, तिसरी लाइन कारखान्यांच्या वसाहतीकडे न्यायची म्हणजे तिकडे नदीचं पाणी लागणार नाही आणि तेवढं नदीतच राहील, असं दोघींनी मांडून पाहिलं. मॅडम म्हणाल्या की याला दोन वर्षं तरी लागतील. चेतना म्हणाली, लागू देत. मग मॅडमनी ड्रायव्हरला बोलावलं, आता त्या गावाला येत-जात राहावं लागेल म्हणाल्या आणि तिकडचा रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, ते विचारलं.